विज्ञानाचा एक तास घाटावर

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

सांगलीतील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ‘खडा टाकला की पाणी लहरींबरोबर काठाकडे सरकते’ असा तक्ता पाहिला. कृष्णा उशाशी वाहत असताना मुलांच्या मनात ही चूक पक्की व्हावी, याचे फार वाईट वाटले. घाटालगतच्या संथ पाण्यात तरंगणाऱ्या झेंडूच्या फुलाकडे पाहिले तरी खरे काय ते कळते. लहर आली की फूल किंचित वर-खाली व मागे-पुढे डोलते आणि जवळपास जागच्या जागीच राहते. पुढे जाते ती ऊर्जा.

विसकटलेला पृष्ठभाग पुन्हा सपाट करणारी बळे दोन आहेत, गुरुत्वाकर्षण आणि पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा आकसून धरणारे बळ. मोठ्या लहरींवर गुरुत्वाकर्षणाचा अंमल असतो आणि खोल पाण्यात त्या जितक्या लांब, म्हणजे लगतच्या दोन शिखरांमधले अंतर जितके जास्त, तितक्या वेगाने धावतात. बारीक लहरींवर पृष्ठताणाचा अंमल असतो आणि तिथे नेमके उलट, म्हणजे आखूड लहर अधिक वेगवान. या दोहोंच्या सीमेवर, सुमारे १.७ सेंटिमीटर लांबीच्या लहरीचा वेग सर्वांत कमी, सेकंदाला सुमारे २३ सेंटिमीटर असतो. हा हिशेब पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखल्या गेलेल्या विल्यम थॉमसन यांनी १८७१ मध्ये मांडला.

तो पडताळायला प्रयोगशाळा लागत नाही. उन्हाळ्यात पात्र उतरल्यावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली, घोटाभर वाहत्या पाण्यात एक बारीक काठी उभी धरावी आणि शेजारून फूल सोडून ते एक मीटर अंतर किती सेकंदांत कापते ते मोजावे. पाच सेकंदांहून अधिक लागले, तर प्रवाह सर्वांत मंद लहरीपेक्षाही हळू आहे, म्हणून काठीभोवती जागीच थांबलेल्या लहरी दिसणार नाहीत. तीनच सेकंद लागले, तर काठीच्या वरच्या अंगाला, प्रवाहाच्या तोंडावर, बारीक लहरींच्या रेघा जागीच थांबलेल्या दिसतील आणि खालच्या अंगाला लांब लहरी. प्रवाह त्यांना जितका मागे रेटतो तितक्याच वेगाने त्या पुढे जात असतात, म्हणून त्या थांबलेल्या भासतात. पाण्यावर तेलकट तवंग असेल तर मात्र पृष्ठताण घटतो, बारीक लहरी लवकर विरतात आणि प्रयोग फसतो. नदीच्या स्वच्छतेविषयीही मुलांना त्यातून काही कळेल.

सांगली-मिरज परिसरातील शाळांनी येत्या उन्हाळ्यात, वार्षिक परीक्षेपूर्वी, विज्ञानाचा एक तास घाटावर घ्यावा, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सांगली