परभणी स्टेशनवरच्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गाडी लागली, धावपळ झाली, तुम्ही पिशवी सावरत डब्यात चढलात. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय.

आमची पोरगी नववीला. तिला एक नाद आहे. दोन घ्यायचे, त्याचा वर्ग, त्या उत्तराचा वर्ग, परत वर्ग, आणि दर वेळी त्यात एक मिळवून बघायचा. ३, ५, १७, २५७, ६५५३७. सगळ्या मूळ संख्या. पुढची येते ४२९४९६७२९७. ही पण मूळ आहे का, एवढंच तिनं क्लासमध्ये विचारलं. सर म्हणाले, "हे नीटला येणार आहे का?" अख्खी बॅच हसली. फी आम्ही दोन हप्त्यांत भरलेली. हे हसू त्यातच धरलं होतं का वरचं होतं, देव जाणे. त्या दिवसापासून पोरीनं तिथं तोंड उघडलं नाही.

तुम्ही बाकावर शेजारी टेकलात, वहीत डोकावलात. "काय मोजायलीस बाई?" तिनं दबकत सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. "फर्मा नावाच्या मोठ्या गणितज्ञालाबी ही मूळच वाटली होती. १७३२ साली ऑयलर नावाच्या दुसऱ्या गणितज्ञानं फोडली." कशानं फुटते ते मात्र सांगितलं नाहीत. एवढंच म्हणालात, की हिला भाग जाईल तो ६४ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्येनंच. नाहीतर ६५५३६ पर्यंतच्या साडेसहा हजार मूळ संख्या तपासत बसा! १९३, २५७, ४४९, ५७७ हे चार भागाकार तुम्ही स्वतः केले. दर वेळी बाकी उरली, तुम्ही खाली रेघ मारलीत. मग आली ६४१. तुम्ही चष्मा काढून खिशात ठेवलात.

"डोळे दमले बघ. एवढा तू कर."

तिनं केला. ६७००४१७, खाली शून्य. ते शून्य तिनं दोनदा गिरवलं आणि "आई!" म्हणून अशी ओरडली की चहावाला जागेवर थांबला.

गुरुजी, पाचच मिनिटांनी तोच चष्मा लावून तुम्ही पेपरातल्या बारीक टायपातल्या नोटिसा वाचत होतात. मी बघितलं.

मोबाइलवर हे उत्तर क्षणात मिळालं असतं, कळतं मला. पण तोंडाशी आलेलं उत्तर गिळून लेकराला काढू द्यायचं, याला मन लागतं. आमच्या गावच्या शाळेत असे एक मास्तर होते. फळ्यावर मुद्दाम चुकायचे.

आता ती पुढच्या, वीस अंकी संख्येच्या मागे लागलीय. तुम्ही डब्याच्या दारातून ओरडून सांगितलंत तसं, २५६ च्या पटीत एक मिळवत. काल रात्री चाळिसाव्या पटीपर्यंत पोचली. भाग जातो २७४१७७ नं, म्हणजे १०७१ वी पट. मी मोबाइलवर बघून ठेवलंय. तिला सांगितलेलं नाही.

तुमची,
वहीवालीची आई