मन्या, खिचडीचं भांडण तू जिंकलास

प्रिय मन्या,

गणपतीपासून तुझे तीन फोन येऊन गेले, मी एकही परत केला नाही. रागावला असशील, रागाव. आईचा गुडघा आहे तसाच, माझं बरं चाललंय. पण परवा जे झालं ते तुझ्याशिवाय सांगू कुणाला? घरी सांगितलं तर म्हणतात, "नियमानं केलंस ना? मग झोप आता."

सोयाबीनचा पीक कापणी प्रयोग होता, म्हणजे ठरलेल्या मापाचा तुकडा कापून उत्पादन मोजायचं. रँडम नंबरनं जमिनीचा गट निघाला तो नेमका विहिरीवाल्याचा. ऑगस्टात पावसानं ओढ दिली तेव्हा त्यानं स्प्रिंकलर लावून पीक तगवलं. आजूबाजूची कोरडवाहू रानं शेंगा भरायच्या आतच वाळली. बांधावर तीसेक माणसं जमली. "साहेब, एवढा सोडा, शेजारचा घ्या. गाव तर तेच हाय."

मी नाही म्हणालो. नैऋत्येच्या कोपऱ्यातून पावलं मोजली, खुंट्या ठोकल्या, १० बाय ५ मीटरचा प्लॉट आखला. कर्ण ११.१८ भरेना, म्हणून सुतळी दोनदा सोडून बांधली. मग सुतळीखालच्या प्रत्येक झाडाचं बूड पाहिलं. बूड आत तर झाड आत. एक आजोबा माझ्यासोबत वाकून बघत होते. "हे भायेरचं हाय," म्हणाले आणि स्वतःच बाजूला सारलं. बडवून दाणे भरले ११ किलो ४००. हेक्टरी जवळपास २३ क्विंटल! आजोबांच्या रानात बियाण्याचे पैसेसुद्धा निघणार नाहीत.

काही गावांच्या मिळून एका महसूल मंडळात प्रयोग दहा आणि विमा त्यांच्या सरासरीवर; सरासरी चढली की भरपाई घटते. बाकीचे नऊ हेक्टरी ८ क्विंटलवर आले, तरी या एकामुळे सरासरी साडेनऊला टेकते. झोप कशी लागणार?

गट बदलायचा नाही, हे मला आजही पटतं. आज दयेपोटी शेजारचा घेतला, तर उद्या पुढारी बोट दाखवेल तो घ्यावा लागेल. मग आकडा किती चुकला, याचा हिशोबसुद्धा मांडता येणार नाही. पण मेसमधली ती करपलेली खिचडी आठवते? मी म्हणालो होतो, शितावरून भाताची परीक्षा होते, शीत फक्त न बघता उचलावं. तू पातेलं तिरकं करून खालचा काळा थर दाखवलास. "आधी थर वेगळे कर, मग प्रत्येकातून न बघता उचल." आठ दिवस मी तुझ्याशी बोललो नाही.

तुझंच खरं होतं. ओलीत आणि कोरडवाहू असे दोन स्तर पाडून, प्रत्येकाची सरासरी त्याच्या पेऱ्याच्या प्रमाणात धरली असती, तर विहिरीवाल्याचं रान फक्त विहिरीवाल्यांपुरतं बोललं असतं. साधा यादृच्छिक नमुना पुन्हा पुन्हा काढला तर सरासरी खरी येते, हे मी परीक्षेत लिहून आलो. गावाला मात्र यंदाची चिठ्ठी एकदाच निघते.

प्लॉट छोटा की मोठा, या महालनोबिस आणि सुखात्मे या दोन संख्याशास्त्रज्ञांच्या भांडणात मात्र मी हटणार नाही! तुझ्या महालनोबिसांचे ते छोटे प्लॉट स्वस्तात जास्त ठिकाणी घेता येतात, कबूल. पण प्लॉट जितका लहान तितकी कडेची झाडं आत ओढली जातात आणि उत्पादन फुगतं, हे आपल्या साताऱ्याच्या सुखात्म्यांनी १९४०च्या दशकात दाखवलं. परवा त्या सुतळीखाली मी ते डोळ्यांनी पाहिलं.

वहिनींची बदली झाली का? पिंटूचे टॉन्सिल? नव्या घराचा फोटो पाठव.

मंडळातल्या ओलीत आणि कोरडवाहू पेऱ्याचे आकडे सोबत जोडतोय. दहा प्रयोग दोन स्तरांत कसे वाटायचे, ते मांडून दे. मला वर टिपण द्यायचंय, रब्बीच्या आत.

तुझा,
दिन्या