काराजिचच्या चरित्रात ग्रंथालयही हवे

रविवार पुरवणीतील बोस्नियन सर्ब नेता आणि कवी रादोवान काराजिच याच्यावरील लेख वाचला. त्याच्या कवितांना आणि फरारी असताना २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीला भरपूर जागा मिळाली. बोस्नियाची राजधानी सारायेव्होला सर्ब सैन्याने घातलेल्या वेढ्याला मात्र जेमतेम एक वाक्य. हे प्रमाण मान्य होण्यासारखे नाही. बोस्नियातून फुटून निघालेल्या सर्ब प्रजासत्ताकाचा तो तेव्हा सर्वोच्च नेता होता. त्याच्याच सैन्याने ऑगस्ट १९९२ मध्ये भोवतीच्या डोंगरांवरून तोफा डागून सारायेव्होचे राष्ट्रीय ग्रंथालय पेटवले. दुर्मीळ ग्रंथांसह लाखो पुस्तकांची राख झाली. लेखकाची ओळख करून देताना नेमके हेच वगळले जावे, याचे फार वाईट वाटले. बोस्नियातील स्रेब्रेनित्सा या गावातील मुस्लिमांच्या वंशसंहारासह अनेक गुन्ह्यांसाठी २०१९ मध्ये अपिलात त्याची शिक्षा वाढवून जन्मठेप झाली. त्या निकालपत्रावरही पुरवणीने सविस्तर लेख द्यावा, ही विनंती.

— एक वाचक, पुणे