आधी बसवणी, मग रंग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्णकर्कश सायलेन्सर लावलेल्या दुचाकींवरील कारवाईच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात आणि त्या यायलाच हव्यात. मात्र चारचाकींना, विशेषतः दोन दारांच्या स्पोर्ट्स कारना, बाहेरून आणलेले बंपर, साइड स्कर्ट (दारांखालच्या पट्ट्या), स्पॉइलर (डिकीवरचा पंख) आणि बॉनेट बसवून देण्याचा जो धंदा पुण्यात गेल्या काही वर्षांत वाढला आहे, त्यातल्या कारागिरीविषयी फारसे कोणी लिहीत नाही. मी पिंपरीच्या एका कारखान्यातील टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारे बनवण्याच्या विभागात, ३१ वर्षे काम करून निवृत्त झालो. फायबरच्या, म्हणजे काचतंतू रेझिन या घट्ट होणाऱ्या चिकट द्रव्यात भिजवून केलेल्या, कामाशी माझा संबंध नोकरीत साचे बनवण्यापुरता आला होता, तो निवृत्तीनंतर पुतण्याच्या गाडीमुळे पुन्हा जुळला. या दोन्ही अनुभवांवरून मला एवढेच म्हणायचे आहे की, अशा कामात ग्राहक पैसे मोजतो ते रंगाचे आणि काम फसते ते बसवणीत.

पुतण्याने तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या पिढीची ऑडी टीटी जुनी विकत घेतली आणि शहरातल्याच एका गॅरेजमधून तिला पुढचा बंपर, दोन्ही बाजूंचे स्कर्ट आणि मागे उंच स्पॉइलर असे फायबरचे भाग बसवून घेतले. गाडी ताब्यात मिळाली त्या दिवशी ती आरशासारखी चकाकत होती आणि घरातल्या सगळ्यांनी, मीही, तिचे कौतुक केले. दुसरा उन्हाळा संपता संपता बंपरच्या रंगावर बारीक जाळीसारखी नक्षी उमटली, उजव्या कोपऱ्याला केसाएवढ्या भेगा पडल्या आणि पावसाळ्यात स्कर्टच्या स्क्रूंभोवती पांढरी भुकटी जमू लागली. गॅरेजवाल्यांनी दोनदा बफिंग करून दिले. बफिंगने चमक परत आली, पण बॉनेट आणि बंपर यांमधली फट डावीकडे ३ आणि उजवीकडे ८ मिलिमीटर होती, ती तशीच राहिली.

शेवटी आम्ही दोघांनी बंपर उतरवला आणि कडेचा रंग खरवडून पाहिला. रंगाखाली प्रायमर होता, प्रायमरखाली पुट्टीचा ६-७ मिलिमीटरचा थर होता आणि त्याखाली जेलकोट, म्हणजे फायबरचा सर्वांत बाहेरचा रेझिनचा थर, पॉलिशपेपर न लागता जसा साच्यातून निघाला तसाच गुळगुळीत होता. बंपर मुळात जागेवर बसतच नव्हता. त्याला आकार देण्याऐवजी फट पुट्टीने लिंपून वर रंग मारला होता. पुट्टी २-३ मिलिमीटरपर्यंतचे खाचखळगे सपाट करण्यासाठी असते. कड वाढवायची असेल, तर तिथला जेलकोट घासून, काचतंतूंच्या मॅटचे थर रेझिनमध्ये भिजवून चढवावे लागतात आणि ते सुकल्यावर पुन्हा घासावे लागतात. या कामाला दोन दिवस जातात, पुट्टीला दोन तास पुरतात.

फायबर म्हणजे हलक्या दर्जाचे काम, असा समज कृपया कोणी करून घेऊ नये. अमेरिकेतील कॉर्व्हेट १९५३ साली फायबरच्या बॉडीने बाजारात आली आणि १९७५ साली आलेल्या फेरारी ३०८ जीटीबीच्या सुरुवातीच्या गाड्यांचे अंगही फायबरचेच होते. आपल्याकडे बंगळुरूच्या सिपानी डॉल्फिनची बॉडी फायबरची होती, हे माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. सामग्री चांगलीच आहे, परंतु ती मोजूनमापून वापरली तरच टिकते. पॉलिएस्टर रेझिनमध्ये ते घट्ट करणारे रसायन, म्हणजे हार्डनर, साधारण १०० ग्रॅमला १ ते २ ग्रॅम एवढाच घालायचा असतो. मी पाहिलेल्या एका कार्यशाळेत तो बाटलीच्या झाकणाने मोजला जात होता आणि हवा दमट असली की मिस्त्री ‘आज दीड झाकण’ असे सांगत होते. हार्डनर जास्त पडला तर रेझिन तापून लवकर घट्ट होते आणि ठिसूळ बनते. कमी पडला तर ते आतून कच्चे राहते आणि मग पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात, बाहेर उभ्या केलेल्या गाडीचा गडद रंग हात लावू देत नाही इतका तापतो तेव्हा, उरलेले पकणे रंगाखाली सुरू होते. पकताना रेझिन आकसते आणि आतल्या मॅटची वीण वर उमटते. पुतण्याच्या बंपरवरची ‘जाळी’ ती हीच आणि ती कोणत्याही बफिंगने जाणार नव्हती.

म्हणून माझ्या मते या कामाचा क्रम आज जो दिसतो त्याच्या नेमका उलट असायला हवा. आज भाग खोक्यातून निघतो, रंगवला जातो, मग गाडीवर चढवला जातो आणि तिथे तो बसत नाही असे लक्षात आले की रंगवलेल्या भागाला ग्राइंडर लागतो. वास्तविक भाग हाती आल्यावर प्रथम तो आतल्या बाजूने उजेडासमोर धरून पाहावा, कारण कुठे थर पातळ आहे आणि कुठे हवेचा फुगा राहिला आहे, हे गडद जेलकोट नसेल तर डोळ्यांना दिसते. आणि गडद असेल तर नाण्याने टिचक्या मारत गेल्यास पोकळ जागी आवाज बदलतो. त्यानंतर साच्यातून सुटण्यासाठी लावलेले मेण सॉल्व्हंटने पुसून काढावे. हे पुसणे घासण्याच्या आधी व्हायला हवे. आधी घासले तर मेण ओरखड्यांत जाऊन बसते आणि पुढे रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

मग येते ती कोरी, म्हणजे रंग देण्याआधीची, बसवणी. मूळ बोल्ट सैल ठेवून भाग गाडीवर चढवायचा, आधी बॉनेट दोन्ही फेंडरशी (पुढच्या चाकांवरच्या पत्र्यांशी) जुळवायचे, त्यानंतर बंपर बॉनेटशी जुळवायचा आणि फट सगळीकडे सारखी येईपर्यंत काढ-घाल करत राहायचे. आमच्या टूलरूममध्ये एक ज्येष्ठ फिटर होते. ते फट मोजायला ४ मिलिमीटरचा ड्रिल बिट वापरत आणि तो कडेकडेने सरकवत नेताना जिथे अडकेल किंवा खडखडेल तिथे पेन्सिलने खूण करत. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या फटी साधारण ३ ते ५ मिलिमीटर असतात, त्यामुळे चार आण्यांचे हे माप अगदी पुरेसे आहे. भोके किंचित मोठी ठेवून रुंद वॉशर वापरावेत, कारण फायबर आणि धातू उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत. घट्ट आवळलेल्या फायबरला स्क्रूपाशीच पहिली भेग जाते. पुतण्याच्या स्कर्टच्या बाबतीत आणखी एक चूक झाली होती. या गाडीचे बॉनेट आणि पुढचे फेंडर अॅल्युमिनियमचे आहेत, हे न पाहता तिथे साधे लोखंडी स्क्रू मारले गेले. दोन वेगळे धातू आणि पावसाचे पाणी एकत्र आले की अॅल्युमिनियम झिजू लागते. ती पांढरी भुकटी म्हणजे गाडीचे झिजलेले अंगच होते. नायलॉनचा वॉशर आणि गंजरोधक लेप यांचा खर्च शंभर-दोनशे रुपयांच्या पुढे गेला नसता.

स्पॉइलरची कथा तर याहून उद्वेगजनक आहे. पहिल्या पिढीची टीटी १९९८ साली बाजारात आल्यानंतर अतिवेगात लेन बदलताना युरोपात काही गंभीर अपघात झाले. तेव्हा कंपनीने गाड्या परत बोलावून सस्पेन्शनमध्ये बदल केले, ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) दिले आणि डिकीवर एक छोटा स्पॉइलर बसवून दिला. दुसऱ्या पिढीत हाच स्पॉइलर ठरावीक वेगानंतर आपोआप वर येतो. गॅरेजने फायबरचा उंच पंख नेमका त्या उघडणाऱ्या पट्टीवर चिकटवला आणि मूळ स्पॉइलर कायमचा बंद करून टाकला. शोभेच्या वस्तूसाठी कामाची वस्तू निकामी केली, आणि त्यासाठी पुतण्याने पैसेही मोजले.

रंगाविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तिथे आपले कारागीर खरोखर निष्णात आहेत. पुट्टी कोरडीच घासावी, कारण ती पाणी शोषते आणि तेच पाणी पुढे रंगाखाली फोड होऊन वर येते. दोन घटकांच्या रंगाचा हार्डनर दमट हवेत बिघडतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या शेडमध्ये फवारणी करू नये. मेटॅलिक रंग असेल तर सर्व भाग एकाच वेळी कालवलेल्या रंगाने आणि गाडीवर असतात त्याच स्थितीत उभे करून रंगवावेत. आडवे ठेवून मारलेल्या रंगात धातूचे कण वेगळे बसतात आणि बंपर उन्हात वेगळाच दिसतो.

जी मुले हे काम करतात त्यांच्याविषयी मात्र थोडक्यात लिहून भागणार नाही. ग्राइंडरने फायबर कापताना जी धूळ उडते ती काचेची असते. तोंडाला रुमाल बांधून आणि खाज सुटू नये म्हणून हातांना खोबरेल चोळून सतरा-अठरा वर्षांची मुले त्या धुळीत दिवसभर उभी असलेली मी पाहिली आहेत. रेझिनचा हार्डनर डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते आणि दोन घटकांच्या रंगातील आयसोसायनेट या रसायनामुळे कायमचा दमा जडू शकतो. रुमालाने यांतले काहीच अडत नाही. कापताना धुळीचा मास्क आणि डोळ्यांवर बंद चष्मा, फवारणीला बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि शेडमध्ये हवा बाहेर फेकणारा पंखा, एवढे तरी मालकांनी द्यायलाच हवे. आयटीआयमध्ये ऑटो बॉडी दुरुस्ती आणि ऑटो बॉडी पेंटिंग असे दोन स्वतंत्र ट्रेड आहेत. तिथे प्रत्यक्ष फायबरचा एक भाग बसवण्यापासून रंगवण्यापर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून करून घेतला जावा, अशी माझी संबंधितांना विनंती आहे.

कायद्याची बाजू ग्राहकांनीही समजून घ्यायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच बाब स्पष्ट शब्दांत सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी वाहनमालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही अशी तरतूद आहे. विमा कंपनीला लेखी न कळवता बसवलेल्या भागांची भरपाई मागताना अडचण येते, हेही अनेकांना अपघातानंतरच समजते. मूळ बंपर बहुधा लवचीक प्लास्टिकचा असतो, त्याच्या मागे धक्का झेलणारा फोम आणि धातूची आडवी पट्टी असते. फायबरचा बंपर बसावा म्हणून तो फोम कापून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर ग्राहकाने तिथून गाडी बाहेर काढावी.

जाता जाता एक तक्रार महापालिकेकडेही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. आमच्या कोथरूडच्या गल्ल्यांत एका हाताच्या रुंदीचे जे उंचवटे रातोरात उगवतात, त्यांवरून कारखान्यातून निघाली तशीच्या तशी गाडीसुद्धा पोट घासल्याशिवाय जात नाही, मग खाली उतरवलेल्या बंपरचे काय व्हावे?

माझी सूचना साधी आहे. गॅरेजने अंदाजपत्रकात बसवणीचे तास आणि रंगाचा खर्च वेगवेगळा लिहावा, आणि रंग चढवण्यापूर्वी सर्व भाग कोऱ्या स्थितीत गाडीवर बसवून ग्राहकाला दाखवावेत. ग्राहकाने फटी मोजाव्यात, बॉनेट आणि दारे चार वेळा उघडून मिटून पाहावीत, पसंत पडल्यास सही करावी आणि मगच रंगाचे पैसे द्यावेत. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात साधा वायपर घेतानाही आपण तो उघडून पाहतो. लाख-दीड लाखाच्या कामात एवढी चौकशी केल्यास कोणा कारागिराचा अपमान होत नाही. चांगल्या मिस्त्रींना तर ती आवडते, असा माझा अनुभव आहे.

पुतण्याच्या गाडीचा उंच पंख आम्ही काढून टाकला असून मूळ स्पॉइलर पुन्हा वर येऊ लागला आहे. बंपरवरची पुट्टी पूर्ण उतरवून कडा मॅटने वाढवल्या आहेत. तो वाकू नये म्हणून मी लाकडी चौकट बनवली असून तिच्यावर आवळून तो सध्या आमच्या गच्चीवर उन्हात ठेवला आहे. मे अखेरपर्यंत तो तिथेच राहील आणि त्यानंतर पुन्हा एकदा कोरा बसवून पाहिल्यावरच रंगाला जाईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टूलरूम कर्मचारी,
कोथरूड, पुणे