बल्खाश: अर्धं गोडं, अर्धं खारं

अल्माटी, कझाकस्तान

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या वर्गातल्या मुलीचा प्रश्न फार आवडला: ज्या सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही, ते आपल्या लोणारसारखं खारंच असायला हवं ना? बहुतेक ठिकाणी तसंच होतं. पाण्याची वाफ होते, नद्यांनी आणलेले क्षार मागे उरतात आणि साठत जातात. पण इथलं बल्खाश सरोवर निराळं आहे. मला त्याचं अक्षरशः वेड लागलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

नकाशा उघड. अल्माटीच्या उत्तरेला कोयत्यासारखी वाकलेली एक निळी पट्टी दिसेल. लांबी सुमारे 600 किलोमीटर, सरासरी खोली मात्र जेमतेम 6 मीटर. मध्यावर दक्षिणेकडून सारिएसिक नावाचं भूशिर आत घुसलंय. त्यामुळे सरोवराचे दोन भाग पडलेत आणि मधे उरलीय ती उझुनआरालची साडेतीन किलोमीटर रुंदीची चिंचोळी वाट. तिच्या पश्चिमेला पाणी गोडं, पूर्वेला खारं!

ही सगळी करणी इली नदीची. सरोवरात येणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश ती एकटी आणते, आणि सगळं पश्चिम भागात ओतते. पूर्वेच्या वाट्याला कराताल, अक्सू, लेप्सी, आयागुझ अशा लहान नद्या. इथे वर्षाला पाऊस 150 मिलिमीटरच्या आसपास, आणि उन्हावाऱ्याने पृष्ठभागावरून उडून जातं ते साधारण मीटरभर पाणी. पूर्वेला कायम तूट, म्हणून पश्चिमेचं पाणी त्या वाटेने तिकडे सरकत राहतं आणि जाताना क्षारही घेऊन जातं. पश्चिम भाग असा सतत धुतला जातो, मीठ पूर्वेला साठतं. त्या मुलीला सांग, तिचा नियम बरोबर आहे. फक्त तो पडताळायला पूर्व टोकाला जावं लागतं.

उन्हाळ्यात रेल्वेने गेलो होतो. सारिशागान स्टेशनवर बायका धुरी दिलेले मासे विकत होत्या. सोनेरी कातडीचे, तेलाने चकाकणारे. हाताला लागलेला तो वास साबणानेही जात नाही. पुढे बल्खाश शहरात, तांब्याच्या कारखान्याची धुराडी समोर असताना, काठावर बसून ओंजळभर पाणी चाखलं. किंचित मचूळ, बस. रंग गढूळ, पिवळट-करडा. पूर्वेचं पाणी याच्या उलट, निळं-हिरवं.

आता काळजीची गोष्ट. सगळा डोलारा एका नदीवर उभा असला की तिला हात लावताना दहादा विचार करायला हवा. 1970 साली इलीवर कापचागाय धरण भरायला सुरुवात झाली आणि 1987 पर्यंत सरोवराची पातळी दोन मीटरहून जास्त खाली गेली. सरासरी 6 मीटर खोलीत दोन मीटर म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. त्रिभुज प्रदेशातली तळी आटली, बोरू वाळला. पुढच्या ओल्या वर्षांत पातळी सावरली, पण आटत गेलेल्या अरल समुद्राची दशा याच देशाने पाहिलीय, त्यामुळे इथल्या जाणत्या लोकांच्या मनातली धास्ती गेलेली नाही. इली उगम पावते चीनमध्ये, तियानशानच्या डोंगरांत. दोन्ही देशांत 2001 मध्ये सीमेवरच्या नद्यांबाबत सहकार्याचा करार झाला, तरी कुणी किती पाणी उचलायचं यावर बोलणी चालूच राहिली. कृष्णेच्या पाण्याचे तंटे एका देशात मिटता मिटत नाहीत, इथे तर दोन देश. त्यात आता काठावरच्या उल्केन गावाजवळ अणुवीज केंद्र येतंय. 2024 च्या सार्वमतात लोकांनी त्याला कौल दिला. विजेची गरज मला कळते, पण इतक्या उथळ सरोवरावर हा नवा भार टाकू नये असंच मला वाटतं.

अल्माटीत रस्त्याच्या कडेने उघडे पाट वाहतात, त्यांना आरिक म्हणतात. बर्फ वितळून आलेलं गार पाणी. ते ज्या नद्यांचं, त्या कास्केलेन नदीमार्गे कापचागायच्या जलाशयाला मिळतात, म्हणजे शेवटी बल्खाशलाच. कामावर जाताना त्या पाटात कचरा तुंबलेला दिसला की जीव तुटतो. मी थांबून काढतो.

तू मे महिन्यात ये. एप्रिलपर्यंत सरोवर गोठलेलं असतं. आपण इलीच्या त्रिभुज प्रदेशाकडे जाऊ. तिथले वाघ विसाव्या शतकात नाहीसे झाले होते. 2024 मध्ये नेदरलँड्सहून अमूर वाघांची जोडी तिथल्या अभयारण्यात आणलीय. तारखा लवकर कळव, तिकडे जायची सोय आधीच करावी लागते. आणि लोणारची पातळी यंदा किती चढली तेही लिही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना बाकसोबती