गाणं तेच, जागा बदलली

संपादक साहेब, नमस्कार,

संगीत नाटकाचा सिनेमा झाला की लोक कुठलं गाणं कापलं तेच मोजत बसतात. आता ‘द साउंड ऑफ म्युझिक’च बघा, १९५९ चं अमेरिकन संगीत नाटक, १९६५ चा सिनेमा, तीन गाणी गेली, दोन नवी आली, पण खरी गंमत ‘माय फेव्हरेट थिंग्ज’ या आवडत्या गोष्टींच्या गाण्यात आहे, स्टेजवर नायिका मारिया, जोगीण व्हायला मठात आलेली, ते मठाच्या प्रमुख बाईंसोबत गाते आणि सिनेमात तेच गाणं वादळी रात्री, ती सांभाळत असलेल्या घाबरलेल्या पोरांना धीर द्यायला, म्हणून तर ते इतकं आत जातं! स्टेजवर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो, क्लोजअपमध्ये नुसता ओठ थरथरला तरी पुरतं. फक्त वन्स मोअर मिळत नाही, त्याची हळहळ मला अजून वाटते.

आपला एक वाचक