‘जनक’ एकटाच कसा?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकी कॉमिक्स-लेखक स्टॅन ली यांच्यावरचा लेख वाचला. लेख जिव्हाळ्यानं लिहिलाय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार आहे ती ‘स्पायडरमॅनचा जनक’ या मथळ्याबद्दल आणि सोबतच्या चित्राबद्दल. ते चित्र म्हणजे ऑगस्ट १९६२च्या ‘अमेझिंग फँटसी’ या कॉमिकच्या १५व्या अंकाचं मुखपृष्ठ. एका माणसाला काखोटीला मारून स्पायडरमॅन झोका घेतोय, तेच. त्यातलं पेन्सिलीचं काम जॅक कर्बी यांचं, शाई स्टीव्ह डिटको यांची. आतली गोष्टही डिटकोंनीच चितारलेली. आणि चित्राखाली तुम्ही छापलंत, ‘स्टॅन ली यांचा स्पायडरमॅन’. ज्यांचा हात त्या चित्राला लागला नाही, नेमकं त्यांचंच नाव!

मी स्वतः बरीच वर्षं मासिकांसाठी कथाचित्रं काढतो. त्यामुळे हे मला जरा जास्तच टोचलं असेल.

लेखकानं गोष्ट लिहायची आणि चित्रकारानं ती बरहुकूम काढायची, असं आपण धरून चालतो. साठच्या दशकात मार्व्हलमध्ये, म्हणजे ही कॉमिक्स काढणाऱ्या कंपनीत, क्रम वेगळा होता. ली एकाच वेळी अनेक मालिका सांभाळत, पूर्ण संहिता लिहायला सवड नसे. चित्रकाराशी बोलून कथेचा ढोबळ आराखडा ठरायचा, पुष्कळदा नुसता तोंडी. मग चित्रकार घरी बसून वीसेक पानांच्या चौकटी पाडायचा. कोण कुठून येणार, मारामारी किती पानं चालणार, कुठल्या प्रसंगाला अख्खं पान द्यायचं, हे सगळं त्याच्याकडे. कुठल्या चौकटीत काय चाललंय, हे कर्बी समासात पेन्सिलीनं लिहूनही ठेवत. ती पानं हातात आल्यावर ली फुग्यांतले संवाद लिहीत. १९६६च्या ‘फँटास्टिक फोर’ मालिकेतल्या एका अंकाची कर्बींकडून अशीच पानं आली, तेव्हा फळीवर उभा राहून आकाशातून फिरणारा एक चंदेरी माणूस त्यांत दिसला. ठरलेल्या गोष्टीत तो नव्हताच. तो ‘सिल्व्हर सर्फर’. हा किस्सा खुद्द ली यांनीच सांगितलेला आहे. आता ती गोष्ट लिहिली कुणी?

डिटकोंचं तर आणखी पुढचं. १९६५पासून ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या कथानकाचं श्रेय अंकातच त्यांच्या नावावर छापलं जाऊ लागलं. तोवर दोघांचं बोलणंही बंद झालं होतं. अवजड यंत्राखाली सापडलेला, वरून पाणी गळतंय, आणि तरी इंच इंच उठणारा स्पायडरमॅन ज्यांनी पाहिलाय ते विसरत नाहीत. तो ३३वा अंक याच काळातला. १९६६ साली डिटको मालिका सोडून गेले.

१९९९ साली ली यांनी एक जाहीर पत्र काढलं. डिटकोंना आपण स्पायडरमॅनचे सहनिर्माते ‘मानत आलो आहोत’, असं त्यात होतं. डिटकोंनी नेमका ‘मानत’ हाच शब्द पकडला. मानणं म्हणजे असणं नव्हे! मला हा आक्षेप किरकोळ वाटत नाही. ज्याला पहिली कल्पना सुचते तोच खरा निर्माता, असं ली यांचं मत होतं आणि पुढे एका मुलाखतीत ते त्यांनी बोलूनही दाखवलं.

ली यांना खाली ओढण्याचा हेतू नाही. पैशांची चणचण, काकूचं आजारपण आणि त्यातही चाललेली बडबड, हा पीटर पार्करचा सूर त्यांच्याच लेखणीतला. शाई फिरवणाऱ्याचं, एवढंच काय, अक्षरं काढणाऱ्याचंही नाव नेमानं छापायची पद्धत त्यांनीच रूढ केली. मालकी मात्र यांच्यापैकी कुणाकडेच नव्हती, ती कंपनीकडे. चित्रपटांच्या नफ्यातल्या वाट्यासाठी ली यांनाही २००२ साली कोर्टात जावं लागलं. फरक इतकाच, की जगाला चेहरा त्यांचा माहीत होता. कर्बी १९९४ साली गेले. त्यांच्या वारसांचा पात्रांच्या हक्कांवरचा दावा खालच्या कोर्टांत फेटाळला गेला, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारात असताना २०१४ साली तडजोड झाली. डिटको आणि ली दोघंही २०१८ साली गेले, काही महिन्यांच्या अंतरानं. डिटकोंवर आपल्याकडे चार ओळी तरी आल्या का, आठवत नाही.

तुम्ही मुखपृष्ठ छापलंत त्याच अंकातल्या गोष्टीच्या पहिल्या पानावर ली आणि डिटको ही दोन्ही नावं शेजारी शेजारी आहेत. तेव्हा येत्या रविवारी एवढी दुरुस्ती छापावी : ‘मुखपृष्ठ – जॅक कर्बी व स्टीव्ह डिटको’. मथळ्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

आपला,
एक कथाचित्रकार, कोल्हापूर